गरिबाच्या आनंदाविना सण अपुरा
ज्यू धर्मशास्त्र सणाच्या दानाकडे कसे पाहते?

सणावाराला दाराशी आलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नये, हा संस्कार जगातील बहुतेक समाजांत आढळतो. मात्र तो पाळायचा की नाही आणि किती पाळायचा, हे सहसा ज्याच्या-त्याच्या मनावर सोपवलेले असते. ज्यू धर्मशास्त्राने ते मनावर सोपवलेले नाही. सणाच्या दिवशी कोणाला द्यायचे, किमान किती द्यायचे, केव्हा द्यायचे, मागणाऱ्याची चौकशी करायची की नाही आणि दिलेल्या पैशावर अधिकार कोणाचा, या प्रत्येक प्रश्नाला तेथे नियम आहे. काही नियमांवर पंडितांचे शतकानुशतके वाद झाले, काहींसाठी सणाची तिथीच पुढे-मागे करण्यात आली. या साऱ्यामागची भूमिका मात्र एकच आहे. गरिबाच्या घरी सण झाला नसेल, तर देऊ शकणाऱ्याच्या घरीही तो झाला नाही, असे हे शास्त्र मानते.

दान नव्हे, न्याय

ज्यूंच्या धर्मनियमांना 'हलाखा' म्हणतात. 'तोरा' म्हणजे बायबलच्या जुन्या करारातील पहिले पाच ग्रंथ हा तिचा पाया. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेली 'मिश्ना' आणि तिच्यावरील चर्चेचा प्रचंड संग्रह असलेला 'तालमूद' हे त्यावरचे मजले. पुढे बाराव्या शतकात मोशे बेन मैमोन ऊर्फ मैमोनिदीस यांनी आणि सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी हे नियम सुसूत्र संहितांत बांधले. कारो यांची 'शुल्हान आरुख' ही संहिता १५६५ मध्ये व्हेनिस येथे प्रथम छापली गेली. पोलंडमधील क्राकाव येथील मोशे इस्सरलीस यांनी तिला जोडलेल्या टिपांसह ती आजही प्रमाण मानली जाते.

या परंपरेत दानाला 'त्सदाका' म्हणतात. 'त्सेदेक' म्हणजे न्याय. त्याच धातूपासून हा शब्द आला आहे. मराठीत 'दानधर्म' म्हटले की देणाऱ्याचे औदार्य आणि त्याचे पुण्य डोळ्यांपुढे येते. हिब्रू शब्दाचा रोख निराळा आहे. गरिबाला देणे म्हणजे ज्याचे त्याला पोचते करणे. ते न देणे म्हणजे अन्याय.

त्यामुळे या कामाची व्यवस्थाही खासगी ठेवलेली नाही. मिश्नाच्या काळापासून ज्यू वस्त्यांत दोन सार्वजनिक निधी असत. 'तमहुई' म्हणजे ताट. त्यातून रोज तयार अन्न वाटले जाई. 'कुप्पा' म्हणजे टोपली. तिच्यातून दर आठवड्याला पैसे दिले जात. कुप्पाची वर्गणी दोघांनी मिळून गोळा करायची आणि वाटप तिघांनी बसून करायचे, असा दंडक होता. कोणाला किती द्यायचे हे ठरवणे न्यायनिवाड्यासारखेच, म्हणून न्यायासनाप्रमाणे तीन माणसे. घेण्यालाही मर्यादा होती. ज्याच्याजवळ दोन जेवणांची सोय आहे त्याने तमहुईतून घेऊ नये आणि ज्याच्याजवळ चौदा जेवणांची, म्हणजे आठवड्याची, सोय आहे त्याने कुप्पातून घेऊ नये. जिथे कुप्पा नाही अशी ज्यू वस्ती आपण पाहिली नाही आणि ऐकलीही नाही, असे मैमोनिदीस यांनी नोंदवून ठेवले आहे.

ही झाली रोजची व्यवस्था. तिच्यात गरज मोजली जाते आणि हिशेब ठेवला जातो. सण आला की या हिशेबाची रीत बदलते.

बंद दाराआडचा आनंद

तोरातील 'अनुवाद' या ग्रंथाचा सोळावा अध्याय सणांविषयी आहे. सणाला आनंद करावा, एवढीच आज्ञा देऊन तो थांबत नाही. आनंद कोणाकोणासह करावा याची यादीच तो देतो. मुलगा, मुलगी, दास आणि दासी हे घरातले चौघे. जमिनीचा वाटा नसलेला लेवी, परका, अनाथ आणि विधवा हे घराबाहेरचे चौघे. अकराव्या शतकातील फ्रान्सचे भाष्यकार राशी यांनी या दोन चौकड्या समोरासमोर मांडल्या. पहिले चौघे माणसाचे आणि दुसरे चौघे देवाचे. माणसाने देवाच्या चौघांना आनंदी ठेवले, तर देव माणसाच्या चौघांना आनंदी ठेवील, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

'लेवीय' या ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात वर्षभराच्या सणांची क्रमवार माहिती आहे. तिच्या मध्यावर, हंगामाच्या शावुओत सणानंतर, अचानक शेतीचा एक नियम येतो. शेताच्या कडेचे पीक कापू नये आणि पडलेली कणसे वेचू नयेत; ती गरिबासाठी व परक्यासाठी सोडावीत. सणांच्या यादीत हा नियम कशासाठी, असा प्रश्न भाष्यकारांना पडला. गरिबाचा वाटा नीट सोडणाऱ्याने जणू मंदिर बांधून तेथे यज्ञबली अर्पण केले, असे उत्तर परंपरेने दिले. शावुओतला ज्या रूथचा ग्रंथ वाचला जातो, ती अशीच दुसऱ्याच्या शेतात कणसे वेचणारी परकी विधवा होती.

मैमोनिदीस यांनी या सर्वांचे सार कठोर शब्दांत सांगितले. सणाच्या दिवशी माणसाने मुलांना गोडधोड द्यावे, पत्नीला ऐपतीप्रमाणे वस्त्र-दागिने घ्यावेत आणि स्वतः चांगले खावे-प्यावे, हे ते मान्य करतात. पण जो अंगणाचे दार लावून घेऊन केवळ बायको-मुलांसह जेवतो आणि गरिबांना, मनाने खचलेल्यांना जेवू घालत नाही, त्याचा आनंद हा धर्माज्ञेचा आनंद नव्हे; तो केवळ पोटाचा आनंद होय, असे ते बजावतात. स्वतः इजिप्तमध्ये राजदरबारी वैद्य असलेल्या या पंडिताने सुखवस्तू वाचकांना दिलेला हा इशारा पुढच्या साऱ्या चर्चेचा कणा ठरला.

पुरीम : हात पुढे करील त्याला

सर्व सणांत गरिबांना देण्याचा सर्वांत स्पष्ट आदेश आहे तो पुरीमचा. हा सण अदार महिन्याच्या १४ तारखेला, साधारणपणे फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये येतो. पूर्वी तटबंदी असलेल्या जेरुसलेमसारख्या नगरांत तो १५ तारखेला असतो. पर्शियाच्या साम्राज्यातील ज्यूंचा संहार करण्याचा हामानचा कट राणी एस्तेर आणि मर्दखय यांनी उधळून लावला, त्याची ही आठवण. 'एस्तेर' ग्रंथाच्या नवव्या अध्यायात हे दिवस मेजवानीचे, एकमेकांना खाद्यपदार्थ पाठवण्याचे आणि गरिबांना देणग्या देण्याचे म्हणून ठरवून दिले आहेत.

या दोन देण्यांत शास्त्र काटेकोर भेद करते. 'मिश्लोआह मानोत' म्हणजे स्नेह्यांना पाठवायचा फराळ. तो एका व्यक्तीला किमान दोन पदार्थांचा असावा. 'मत्तानोत ला-एव्योनीम' म्हणजे गरिबांना द्यायची देणगी. ती किमान दोन गरिबांना, प्रत्येकी एक, द्यावी. हा आकडा तालमूदने व्याकरणातून काढला आहे. मूळ वचनात 'देणग्या' आणि 'गरीब' हे दोन्ही शब्द अनेकवचनी आहेत. अनेकवचन म्हणजे कमीत कमी दोन. देणगी पैशांची असो वा अन्नाची, दोन्ही चालते. स्त्री आणि पुरुष दोघांवरही हे बंधन आहे. दानावर जगणाराही यातून सुटत नाही. स्वतः घेतलेल्यातून त्यानेही दुसऱ्या दोघांना द्यायचे असते. म्हणजे त्या दिवशी कोणीही केवळ घेणारा राहत नाही.

रोजच्या दानात चौकशीला जागा आहे. भुकेल्याला विनाचौकशी जेवू घालावे, पण कपडे मागणाऱ्याची खातरजमा करून घ्यावी, असे तालमूद सांगतो. पुरीमला ही चौकशीच बंद होते. पुरीमच्या पैशांबाबत चिकित्सा करू नये, हात पुढे करील त्याला द्यावे, असा नियम जेरुसलेमच्या तालमूदपासून 'शुल्हान आरुख'पर्यंत सर्वत्र आढळतो. जिथे ज्यूंबरोबर इतर धर्मीयांनाही देण्याची प्रथा आहे तिथे त्यांनाही द्यावे, अशी पुस्तीही 'शुल्हान आरुख' जोडते.

वेळेचा नियमही गरिबाकडे पाहूनच केलेला आहे. एस्तेरची गोष्ट ज्या गुंडाळीवरून वाचली जाते तिला 'मेगिल्ला' म्हणतात. प्राचीन काळी खेड्यांतील लोकांना हे वाचन पुरीमच्या काही दिवस अगोदर, नगरात जमण्याच्या सोमवारी किंवा गुरुवारी, उरकण्याची सवलत होती. मग गरिबांना द्यायचे केव्हा? वाचन ज्या दिवशी, देणगीही त्याच दिवशी गोळा करावी आणि त्याच दिवशी वाटावी, असे तालमूद सांगतो. कारण गरिबांचे डोळे मेगिल्लाच्या वाचनाकडे लागलेले असतात. वाचन झाले आणि हाती काही आले नाही, असे होता कामा नये.

याच कारणाने सणाची तारीखही हलते. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, विश्रांतीच्या दिवशी पैशांना हात लावत नाहीत. म्हणून पुरीम शनिवारी आला, तर त्या दिवशी मेगिल्ला वाचायची नाही. तालमूदमधील एका पंडिताच्या मते, गुंडाळी हाती घेऊन माणसे रस्त्याने चालतील आणि वस्तू वाहून नेण्याचा शब्बाथचा निषेध मोडेल, हे त्याचे कारण. दुसरे पंडित रव योसेफ गरिबांच्या त्या लागलेल्या डोळ्यांकडे बोट दाखवतात. जेरुसलेममध्ये २०२१ आणि २०२५ साली असा योग आला. तेव्हा मेगिल्लाचे वाचन आणि गरिबांच्या देणग्या या दोन्ही गोष्टी शुक्रवारी पार पडल्या आणि मेजवानी व फराळ रविवारी झाला. श्रीमंताची मेजवानी एक-दोन दिवस थांबली तरी चालेल, गरिबाला मात्र थांबवू नये, असा या व्यवस्थेचा अर्थ होतो.

पेसाह : आधी पीठ, मग निमंत्रण

पुरीमनंतर महिनाभराने पेसाह येतो. इजिप्तच्या दास्यातून सुटका झाल्याचा हा सण. या काळात आंबवलेल्या धान्याचा कणही घरात ठेवायचा नसतो. नेहमीची भाकरी वर्ज्य; तिच्या जागी 'मात्सा' ही बिनखमिराची, विशेष देखरेखीखाली केलेली रोटी. साहजिकच गरिबाच्या घरात जे थोडेफार असेल तेही सणाला निरुपयोगी ठरते आणि नवे विकत घ्यावे लागते. सणाचा नियमच गरिबाला अधिक गरीब करतो. त्याची भरपाई शास्त्राने समाजावर टाकली आहे.

तिचे नाव 'किमखा दे-पिसखा', म्हणजे पेसाहचे पीठ. किंवा 'माओत हित्तीम', म्हणजे गव्हाचे पैसे. गावात बारा महिने राहिलेल्याने ही वर्गणी द्यावी आणि तितकाच काळ राहिलेल्या गरिबाला ती मिळावी, असा उल्लेख जेरुसलेमच्या तालमूदमध्ये आहे. पेसाहपूर्वी गहू विकत घेऊन गरिबांना वाटण्याची रीत इस्सरलीस यांनी आपल्या टिपांत नोंदवली. नगराच्या करांतून सूट असलेल्या धर्मपंडितांनाही या वर्गणीतून सूट नाही, असे पुढील काळातील भाष्यकार सांगतात.

पेसाहच्या रात्री घरोघरी 'सेदेर' हे विधियुक्त भोजन होते आणि 'हगादा' ही पोथी वाचली जाते. तिच्या आरंभीच भुकेल्यांना आणि गरजूंना जेवायला येण्याचे आवाहन आहे. ते हिब्रूत नसून अरामी भाषेत आहे. एके काळी ही सामान्य ज्यूंची बोलभाषा होती; पाहुण्याला निमंत्रण कळावे म्हणून ते तिच्यात ठेवले, असे परंपरा सांगते. तालमूदमधील रव हुना जेवायला बसताना खरोखरच दार उघडून गरजूंना हाक मारीत. पण रात्री, दार लावून, घरच्यांच्याच पंगतीत उच्चारलेले आवाहन कोणाच्या कानी पडणार, हा प्रश्न उरतोच. शास्त्राने त्याचे उत्तर सणाच्या कित्येक दिवस आधी देऊन ठेवले आहे. निमंत्रणाची वेळ येईपर्यंत गरिबाच्या घरी पीठ पोचलेले असावे, म्हणजे त्याला कोणाच्या दाराशी जावे लागू नये.

या रात्री चार पेले द्राक्षरस पिणे आणि मोकळ्या माणसाप्रमाणे रेलून बसणे विहित आहे. इस्रायलमधील सर्वांत गरिबानेही रेलूनच जेवावे आणि त्याला चारांहून कमी पेले मिळू नयेत, मग ते तमहुईतून का द्यावे लागेनात, असे मिश्ना सांगते. एरवी तालमूदची शिकवण वेगळी आहे. लोकांपुढे हात पसरण्यापेक्षा शब्बाथचे जेवण साध्या दिवसासारखे करावे, असे रब्बी अकिवा म्हणत. पेसाहच्या चार पेल्यांपुढे मात्र तेही मागे हटतात. जो सण गुलामांच्या सुटकेचा आहे, त्या सणाला कोणी गुलामासारखे बसू नये.

पैसा कोणाचा?

दान दिले, आता ते कसे वापरावे हे कोणी ठरवायचे? तालमूदमध्ये यावर वाद आहे. पुरीमसाठी जमवलेला पैसा पुरीमसाठीच वापरावा, हे सर्वांना मान्य. त्यापुढे जाऊन एका पक्षाने म्हटले, की हा पैसा सणाच्या जेवणासाठी मिळाला आहे, तेव्हा गरिबाने त्यातून चपलेचा बंदसुद्धा विकत घेऊ नये. दुसरा पक्ष उदार होता. शेवटी 'शुल्हान आरुख' आणि इस्सरलीस यांची टीप मिळून जो निर्णय स्थिर झाला तो लक्षणीय आहे. पुरीमचा पैसा दुसऱ्या कामाकडे वळवण्यास मनाई आहे ती निधीच्या व्यवस्थापकांना. गरिबाच्या हाती तो पडला, की त्याचे त्याने वाटेल ते करावे. विश्वस्ताला नियम बांधतो, गरिबाला नाही.

घेणाऱ्याच्या मानाची ही जपणूक इतरत्रही दिसते. एका माणसाने भर चारचौघांत गरिबाला नाणे दिलेले पाहून रब्बी यन्नाय म्हणाले, की असे देऊन लाजवण्यापेक्षा दिले नसते तर बरे होते, अशी कथा तालमूदमध्ये आहे. मैमोनिदीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. नाखुशीने देणारा सर्वांत खाली. ज्याच्या दानात देणारा व घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत तो पुष्कळ वर. आणि सर्वांत वर तो, जो कर्ज देऊन, भागीदारी करून किंवा काम मिळवून देऊन समोरच्याला मागण्याच्या गरजेतूनच सोडवतो.

कोकणातील बेने इस्रायल

महाराष्ट्राशी या विषयाचे नाते जुने आहे. रायगड किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेले, तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेलेले बेने इस्रायल हे मराठीभाषक ज्यू. तालमूद आणि त्यावरील संहितांशी त्यांचा संबंध दीर्घकाळ तुटलेला होता. सण मात्र त्यांनी मराठी नावांनी जपले. होळीच्या सुमारास येणारा पुरीम हा त्यांचा 'होळीचा सण'. उपवास व प्रायश्चित्ताचा योम किप्पूर हा 'दारफाळणीचा सण'. त्या दिवशी दारे लावून घेऊन ते घरातच राहत. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण' असे. त्या दिवशी दारे उघडत, गरिबांना दानधर्म होई आणि आप्तेष्टांच्या भेटीगाठी होत. संहिता हाती नसतानाही सणाला गरिबाचा वाटा देण्याची रीत टिकून राहिली.

एकोणिसाव्या शतकात या समाजाचा धर्मग्रंथांशी पुन्हा परिचय झाला. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह हगादा छापली गेली. पुण्याची आवृत्ती सचित्र आहे. भुकेल्यांना जेवायला बोलावणारे ते अरामी आवाहन तेव्हापासून मराठीतही वाचता येऊ लागले. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तरी मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगडमधील सिनेगॉगांत हे सण आजही साजरे होतात.

किमान आणि पुरेसे

आजच्या काळाने या नियमांपुढे नवे प्रश्न ठेवले आहेत. ज्याच्या ओळखीत दोन गरीबही नाहीत त्याने काय करावे? अशा वेळी प्रतिनिधीमार्फत देणे शास्त्राला मान्य आहे. त्यामुळे अनेक संस्था पुरीमपूर्वी पैसे स्वीकारतात आणि ते पुरीमच्या दिवशीच गरजूंच्या हाती देतात. इंटरनेटवरून पाठवलेली रक्कमही त्यात येते. अट एवढीच, की पैसा सणाच्या दिवशी, दिवसाउजेडी पोचला पाहिजे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा दानासाठी बाजूला काढणाऱ्यांसाठी आणखी एक नियम आहे. पुरीमच्या दोन अनिवार्य देणग्या त्या हिश्श्यातून द्यायच्या नसतात, वेगळ्या काढायच्या असतात. त्यावरचे जे द्यायचे ते त्या हिश्श्यातून देता येते. जे देणे आधीच लागू आहे त्यातून नवे देणे फेडता येत नाही, हा त्यामागचा हिशेब.

खरी अडचण वेगळीच आहे. काही पंडितांच्या मते अगदी छोट्या नाण्यानेही पुरीमचे कर्तव्य पार पडते. काहींच्या मते निदान एका जेवणापुरते तरी द्यावे. पहिल्या मताचा आधार घेऊन दोन नाणी टाकून मोकळे होता येते आणि नियम पाळल्याचे समाधानही मिळते. दान कायद्यात बांधले, की ते कायद्यापुरतेच उरण्याचा धोका असतो. शिवाय एका दिवसाच्या देणगीने गरिबी हटत नाही, हेही मैमोनिदीस यांच्या आठ पायऱ्यांतूनच दिसते.

मैमोनिदीस यांना हा धोका दिसत होता. म्हणूनच पुरीमचा किमान नियम सांगून झाल्यावर ते लगेच पुढचे सांगतात. स्वतःची मेजवानी आणि स्नेह्यांचा फराळ यांवर अधिक खर्च करण्यापेक्षा गरिबांच्या देणग्यांवर अधिक खर्च करावा, कारण गरीब, अनाथ, विधवा आणि परके यांचे मन आनंदित करण्याहून मोठा आणि भूषणावह आनंद दुसरा नाही. दोन गरिबांची अट ही खालची मर्यादा आहे. वरची मर्यादा शास्त्राने आखलेली नाही. आपल्या पंगतीवर किती खर्च झाला आणि गरिबाच्या वाट्याला किती गेले, हा हिशेब दर सणाला ज्याने-त्याने स्वतःच मांडायचा आहे.